फुंकायचं की नाही? आणि ‘पुढच्या वेळी’ म्हणजे काय रे भाऊ

पत्र असं आहे, थोडं आवरून देते:

“ताई नमस्कार. मी रावेर तालुक्यातला, वय २९. स्वतःची पिकअप आहे, केळीचा माल भरतो, घर त्याच्यावरच चालतं. डिसेंबरात मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. नऊला बसलो, दोनच पेग घेतले. पावणेबाराला मोटरसायकलवर परत येताना नाकाबंदीत अडवलं आणि फुंकून दारू तपासायचं मशीन पुढे केलं. एका मित्राने आधीच सांगून ठेवलं होतं, रीलमध्येपण पाहिलं होतं, की फुंकायचंच नाही, फुंकलं नाही तर पुरावाच नाही. म्हणून नाही म्हटलो. ठाण्यात नेलं, तिथे परत विचारलं, मी गप्प राहिलो. मग सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त काढलं, तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. जामिनावर सुटलो, गाडी नंतर मिळाली, लायसन त्यांच्याकडेच आहे. आता कोर्टाची तारीख लागलीय. ओळखीतले एक वकील म्हणतात फुंकलं नाही ते बरं केलं. मामा म्हणतात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. खरं काय? आणि पुढच्या वेळी असं झालं तर फुंकायचं की नाही? नाव छापू नका.”

भाऊ, तू माझ्या धाकट्या भावाहूनही लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नको. वीस वर्षं झाली तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालून उन्हात फिरतेय, आणि दर डिसेंबर-जानेवारीत भरीत पार्ट्यांचा सीझन लागला की तुझ्यासारखे चार-पाच जण तरी येतातच. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, पातीचा कांदा, शेंगदाणे, कळण्याच्या पुऱ्या, सगळं कसं मस्त, मलाही आवडतं, फक्त त्या मळ्यातून घरापर्यंतचा जो रस्ता असतो ना, तिथेच सगळं गणित बिघडतं.

तुझे वकील आणि तुझे मामा, दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. पण आधी त्या रीलचं बघू, कारण मूळ घोळ तिथे आहे.

ते “डोन्ट ब्लो” वालं ज्ञान अमेरिकेतून आलेलं आहे. तिथले वकील सांगतात, लोक मराठीत डब करतात किंवा नुसतं ऐकून पुढे ढकलतात. तिथे मर्यादा बहुतेक ठिकाणी ०.०८ टक्के, म्हणजे १०० मिलि रक्तात ८० मिलिग्रॅम. आपल्याकडे ३०. हा फरक नीट बघ, तिकडचा पास इकडे नापास. आणि गंमत म्हणजे तिकडेही नाही म्हटलं की सुटला असं नाहीच. रस्त्यावर अटकेच्या आधी जे छोटं मशीन देतात ते बऱ्याच राज्यांत सज्ञान माणसाला नाकारता येतं, पण अटक झाल्यावरची जी खरी टेस्ट असते ती नाकारली की केसचं काही का होईना, लायसन वेगळं जातं, कारण गाडी चालवायला घेतली म्हणजे टेस्टला होकार दिलाच असं तिथला कायदा धरतो. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं की अटकेनंतर श्वासाची टेस्ट घ्यायला वॉरंट लागत नाही, रक्ताला लागतं. म्हणजे रील बनवणाऱ्याने अर्धंच सांगितलं आणि तू ते रावेरच्या रस्त्यावर वापरलं.

आता आपल्याकडचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ हा मुख्य गुन्हा. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली की पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत किंवा १५ हजार किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे, आधी पहिल्या वेळेचा दंड दोन हजारांपर्यंत होता, त्यामुळे जुनी माणसं अजून “दोन हजार भर आणि सूट” म्हणतात, त्यांचं ऐकू नको. आणि हा दंड जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं.

श्वासाच्या टेस्टचं कलम २०३. वर्दीतल्या पोलिसाला वाजवी संशय आला की तो फुंकायला सांगू शकतो. तू नाही म्हटलास आणि त्याला तरी संशय आहे, तर वॉरंटशिवाय अटक. म्हणजे नाही म्हटल्याने तू घरी जात नाहीस, ठाण्यात जातोस. ठाण्यात गेल्यावर पुन्हा एकदा फुंकायची संधी द्यायची असं कायदा म्हणतो, त्यात शब्दच तो आहे, संधी. तुला तिथे परत विचारलं ना, ते पोलीस तुझ्या मागे लागले होते म्हणून नाही. तीही सोडलीस की पुढचं कलम २०४, डॉक्टरकडे नेऊन रक्त. तुझ्या बाबतीत पायरीपायरीने नेमकं हेच झालं.

इथेच तुझे मामा बरोबर. मशीन आणि रक्त यात कमजोर पुरावा कोणता? मशीन. मशीनवर वकिलाला शंभर प्रश्न विचारता येतात, कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर आकडा दाखवतं का याची तपासणी, कधी झालं, आधी शून्य दाखवलं का, नळी नवीन होती का, प्रिंटवर वेळ आणि नाव आहे का. मशीन मुळात रक्त बघतच नाही, ते फुफ्फुसातली हवा बघतं आणि एकास दोन हजार शंभर अशा हिशोबाने रक्ताचा आकडा अंदाजाने काढतं, माणसामाणसात हे प्रमाण बदलतं. प्रयोगशाळेचा रक्ताचा रिपोर्ट मात्र खोडायला फार जड जातो. तू कमजोर पुरावा टाळून पक्का पुरावा ओढवून घेतला. आगीतून फुफाट्यात.

वर कलम २०५ आहे, ते रीलवाल्याला माहीतच नसणार. योग्य कारण नसताना टेस्टला नकार दिला तर कोर्ट तो नकारच तुझ्या विरुद्ध धरू शकतं, सरकार पक्षाच्या पुराव्याला टेकू म्हणून. एकट्या नकारावर शिक्षा होत नाही, कारण १८५ ला टेस्टमध्ये निघालेला आकडाच लागतो. पण हवालदार सांगतो वास येत होता, झोकांडी जात होती, आणि त्याच्या जोडीला “मशीन समोर होतं, आरोपीने फुंकलं नाही”. मॅजिस्ट्रेट पण माणूसच आहे, त्याच्या मनात काय येणार?

“स्वतःविरुद्ध पुरावा द्यायची सक्ती नाही ना?” हा प्रश्न तुझ्या मित्राने नक्की विचारला असेल, कोणी ना कोणी विचारतंच. घटनेचं कलम २०(३) आहे खरं, पण सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी १९६१ मध्येच सांगून ठेवलंय की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने म्हणजे “साक्ष” नाही. रक्त-श्वास त्याच वाटेने जातात. आणि अटक झाल्यावर पोलिसांच्या विनंतीवरून डॉक्टर वाजवी तेवढा जोर लावूनही तपासणी करू शकतात, जुन्या फौजदारी संहितेत ते होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही आहे. (फौजदारी म्हटलं की मला आपली फौजदारी डाळच आठवते, कोर्टातल्या फौजदारीपेक्षा ती कधीही बरी. असो.)

आता तुझे वकील कुठे बरोबर ते सांगते, कारण ते मूर्ख नाहीयेत. हिशोब करू. साठ मिलिचा एक पेग, ४२.८ टक्क्यांची इंग्लिश, म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध दारू. दोन पेग, ४० ग्रॅम. पासष्ट किलोच्या माणसाला त्याने सगळं मिळून ८५-९० पर्यंत आकडा चढतो, आणि शरीर तासाला १५ च्या आसपास उतरवतं. नऊला सुरुवात धरली तर पावणेबाराला तू ४५-५० वर असणार, मर्यादेच्या चांगलाच वर. आणि एकला दहा कमी असताना? तीसच्या उंबरठ्यावर, थोडं वर किंवा थोडं खाली. म्हणजे तासभर उशीर झाला त्याचा तुला फायदा झालाही असेल, वकिलांच्या डोक्यात तेच आहे.

पण हा जुगार आहे भाऊ, याला युक्ती म्हणू नको. एक तर तुझे “दोन पेग” कोणी मापाने ओतले होते का? मळ्यात प्लास्टिकच्या ग्लासात दोन बोटं म्हणत तीन बोटं ओततात, तू तरी कुठे मोजत बसला होतास. त्यात आपलं भरीत तेलात न्हालेलं, भरल्या पोटी दारू हळूहळू चढते, शेवटचा घोट निघता निघता घेतला असेल तर आकडा रस्त्यावर होता त्यापेक्षा दवाखान्यात जास्त येऊ शकतो. मी दोन्ही प्रकार पाहिलेत. एकाने मुद्दाम दीड तास घोळ घातला, पाणी पाहिजे, बाथरूमला जायचंय, दमा आहे, आणि रक्तात जो आकडा आला तो बघून मीच गप्प बसले.

दुसरा एक तर याच्या उलट. पन्नाशीचा माणूस, दुपारी साखरपुड्यात एक बिअर घेतलेली, रात्री नऊला अडवलं. एवढ्या वेळात उतरलेली होती, फुंकला असता तर दहा मिनिटांत घरी. पण त्याला राग आला, मी काय बेवडा दिसतो का तुम्हाला, म्हणून नाही म्हटला. ठाण्यात गेला, रक्त दिलं, रात्र बाकावर काढली, बायको आणि मुलगा पहाटे तीनला रिक्षा करून आले. रिपोर्ट यायला कित्येक महिने गेले, आला तेव्हा मर्यादेच्या खाली. तोवर लायसन अडकलेलं, तारखा चालू. त्याच्या मुलाने कॉरिडॉरमध्ये मला विचारलं, मॅडम, बाबा नुसते फुंकले असते तर? मी काय सांगणार.

म्हणून माझं मत विचारशील तर: अडवलं आणि मशीन समोर आलं, मग तू प्यायला असो वा नसो, फुंकायचं. अटक झाली असेल तर ठाण्यात तरी फुंकायचं. नाही प्यायला असशील तर तिथेच सुटतोस, प्यायला असशील तर नकाराने सुटत नाहीसच, फक्त रक्त आणि २०५ दोन्ही अंगावर घेतोस.

फुंकायचं म्हणजे डोळे मिटून नाही. नळी तुझ्यासमोर पाकिटातून काढायला सांग. तू फुंकायच्या आधी मशीनवर शून्य दिसतंय का बघ, शून्य नसेल तर तेव्हाच म्हण आणि शांतपणे म्हण. आताच ढेकर आला असेल, उलटी झाली असेल, किंवा माउथवॉश नाहीतर दारू असलेलं कफ सिरप तोंडात गेलं असेल तर सांग की पंधरा मिनिटं थांबून घ्या, कारण तोंडातली दारू मशीनला फुफ्फुसातली वाटते आणि आकडा फुगतो. फुंकताना एका दमात सलग फुंक, मशीन थांब म्हणेपर्यंत. गालातल्या गालात फूफू करणारे असतात, त्यांना वाटतं आपण फार हुशार, पण कायद्यात नकार देणं आणि देऊ न शकणं दोन्ही एकाच ओळीत आहे, फूफू हा नकारच धरला जातो. प्रिंट निघाली की आकडा आणि वेळ वाचून मगच सही कर. आणि लवंग, बडीशेप, पान, कांदा यांनी फक्त वास झाकतो, मशीनला वास कळतच नाही.

खरंच दमा असेल, छातीला मार असेल, तर ते योग्य कारण आहे, २०५ मध्येच तशी मोकळीक आहे. पण ते तेव्हाच बोलून दाखवायचं आणि कागदावर लिहून घ्यायला लावायचं, आणि म्हणायचं रक्त घ्या, मी तयार आहे. सहा महिन्यांनी कोर्टात दम्याचा कागद काढला की त्याचा काही उपयोग नाही.

टेस्ट सोडून बाकी मात्र कमी बोल. किती प्यायलास, कुठे, कोणासोबत, हे सगळं सांगत बसायची गरज नाही. नाव-पत्ता दे, घरी कळवायला सांग, वकिलाला फोन करू द्या म्हण, हे तुझे हक्क आहेत. हुज्जत घालायची नाही, “मला ओळखत नाही का” म्हणायचं नाही. आजकाल प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, व्हिडिओ झाला की तो कोर्टाआधी गावात पोचतो.

अॅक्सिडेंट झाला असेल तर सगळी गणितं बदलतात, आणि तिथेही न फुंकण्याचा आधार नाही. मुंबईत कार्टर रोडला २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले, त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. विम्याचंही ऐक. लोक म्हणतात टेस्ट नाही तर क्लेम पास. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका विमा प्रकरणात सांगितलं की श्वासाची किंवा रक्ताची टेस्ट झालेली नसली तरी चालक प्यायलेला होता हे बाकीच्या पुराव्यावरून कंपनी दाखवू शकते. तुझी पिकअप कर्जावर असेल तर हे फ्रिजवर लिहून लाव.

आता तुझं पुढचं. सगळ्यात मोठी चूक तू पहिल्या तारखेला करू शकतोस, ती म्हणजे रिपोर्ट न बघता “कबूल” म्हणून दहा हजार भरून मोकळं होणं. कोर्टाबाहेर चहावर असे सल्ले फुकट मिळतात, एका दिवसात संपव भो, कशाला खेटा मारतो. पण कबुली म्हणजे दोषी ठरणं, पुन्हा कधी सापडलास तर तुझा तो “दुसरा गुन्हा”. तुझा आकडा तीसच्या उंबरठ्यावर असू शकतो हे आता तुला माहीत आहे, मग रिपोर्ट बघितल्याशिवाय कबूल का म्हणायचं? वकिलांना सांग, आधी कागद काढा. अटक किती वाजता दाखवलीय आणि मेडिकल किती वाजता झालं ते बघा, कारण अशी अटक झाली की दोन तासांच्या आत मेडिकल व्हायला पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. तुझं पावणेबारा आणि एकला दहा कमी धरलं तर वेळेत बसतं, तिथे फार आशा ठेवू नको. पण रक्त काढताना दंड स्पिरिटने पुसला होता का ते आठव. आठवतंय का थंडगार बोळा आणि त्याचा वास? दारूच्या तपासणीसाठी रक्त काढताना स्पिरिट वापरायचं नसतं. बाटलीवर सील होतं का, तुझ्यासमोर लावलं का, प्रयोगशाळेत किती दिवसांनी पोचलं, हे सगळं वकील विचारतील. हे प्रश्न विचारले की सुटतोसच असं नाही, पण हे न विचारता कबूल म्हणणं म्हणजे न वाचता सही करणं.

रिपोर्ट तीसच्या खाली आला तर कबुलीचा प्रश्नच नाही. बराच वर आला, साठ-सत्तर, तर मग मीच म्हणेन लढायचं किती ते वकिलांशी बसून ठरव, पहिला गुन्हा आहे, कोणाला लागलं नाही, दंडावर भागवायची विनंती करता येते, ठरवणार कोर्ट.

आणि लायसन! याच्याबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस, मला तर तीच सगळ्यात मोठी वाटली. सापडलास मोटरसायकलवर, पण लायसन माणसाचं असतं, गाडीचं नाही. २०१९ नंतर १८५ मध्ये पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवता येतं, दुसऱ्या वेळी रद्दच. तुला जी पोच मिळाली असेल त्या कागदावर गाडी चालवता येत नाही, बरेच जण त्याच भ्रमात फिरतात. म्हणजे आज तू पिकअप घेऊन केळीच्या घडांसकट बाहेर पडलास तर विनालायसन चालवतोयस, आणि त्यात काही झालं तर विमाही गेला. जळगावच्या आरटीओकडून तुला म्हणणं मांडायला नोटीस येईल, ती कपाटात टाकू नको. जा, लेखी दे, पहिलाच प्रकार आहे, घर या गाडीवर आहे, अपघात नाही. ऐकून घेतल्याशिवाय त्यांना आदेश करता येत नाही आणि ऐकून सोडून द्यायचाही अधिकार त्यांना आहे. तोवर चुलतभाऊ, मित्र, ज्याने तुला न फुंकायचा सल्ला दिला तो, कोणाला तरी स्टिअरिंगवर बसव आणि तू शेजारी बस.

राहिला “पुढच्या वेळी”. भाऊ, तुझ्या पत्रात हा शब्द वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. फुंकायचं की नाही याचं उत्तर दिलं मी वर, पण पुढची वेळ तू आत्तापासून धरूनच चाललायस, आणि तुझ्यासाठी पुढची वेळ म्हणजे पिकअप विकायची वेळ. मळ्यात खाट असते, घोंगडी असते, पहारा द्यायला कोणीतरी झोपतंच. दोन पेग उतरायला, माझ्या वरच्याच हिशोबाने, सहा तास धर. नऊला बसलास तर पहाटे तीन. म्हणजे सकाळचा चहा घेऊनच निघायचं, किंवा जो पीत नाही त्याच्या मागे बसायचं, आपल्याकडे प्रत्येक टोळक्यात एक माळकरी असतोच, त्याला भरीत जास्त वाढायचं.

रिपोर्ट हातात आला की मला फक्त तीन गोष्टी लिहून पाठव, आकडा, अटकेची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ. आरटीओची नोटीस आली असेल तर तिची तारीखपण. मग पुढचं बोलू.